आप्पांच्या छातीवरचं तेल

खासबाग, बेळगाव
१२ फेब्रुवारी १९८५

चि. सौ. सुला हिला मालूआक्काचा आशीर्वाद.

निपाणीत तुझ्या आईचा गुडघा आता कसा आहे? इकडे बरं म्हणायचं. शहापुरातल्या घरी माग बंदच आहे, शामूचं चित्त लागत नाही. आप्पांना दवाखान्यातून अजून सोडलेलं नाही.

तुला माहेरी पाठवून आज नऊ दिवस झाले. तू साधं कार्डही टाकलं नाहीस. मनात काहीतरी असल्याशिवाय माणूस असं गप्प बसत नाही, असं मी शामूजवळ बोलूनही घेतलं.

पण तूच सांग, माझ्या जागी आप्पांची लेक म्हणून तू असतीस तर काय समजली असतीस? आप्पांच्या उशाशी ते ठोके दाखवणारं यंत्र. ठोका चुकला की बोंब मारतं. दिवसभर मी बसायची तेव्हा ते गप्प. पाचला तू बसलीस की अर्ध्या तासात सुरू. एक दिवस नव्हे, लागोपाठ चार दिवस. मग मी दाराच्या काचेतून पाळत ठेवली. तू आप्पांवर ओणवी झालेली, पदर त्यांच्या छातीवर, तोंड कानाशी. तुमचं लग्न मान्य नाही म्हणून दोन वर्षं जो माणूस तुझ्याशी बोलला नाही, त्याच्या कानात तुला काय सांगायचं असणार? मी शामूला म्हटलं, "तुझी बायको दिसली की आप्पांचं काळीज धडधडतंय. न्हेऊन सोड जा तिला." त्यानं सोडलं.

तू गेल्यावर शामू बसायला लागला, तरी यंत्र बोंबललंच. मग मला सिस्टरचा संशय आला. ती रोज उठून उठून वैतागली होती. "रोजचंच खोटं हाय ह्येचं," म्हणाली आणि तिनं आवाजच बंद करून टाकला.

शुक्रवारी खरंच ठोके चुकले. दिवा लुकलुकत होता, आवाज नाही. शामूची नजर पडद्यावरच्या वेड्यावाकड्या रेघेवर गेली म्हणून डॉक्टर धावत आले. आप्पा वाचले.

डॉक्टर सिस्टरला बोलले, तशी तिनं आप्पांच्या छातीवरची यंत्राच्या वायरीची चिकटपट्टी उचलून मला दाखवली. खाली पिवळं तेल. "ह्यानं पट्ट्या सुटत्यात आन् मशीन वराडतंय. तुमच्या वयनीला मी इचारलंतं, कोण लावतंय ह्ये? तर मीच लावते म्हणाली. रोज पदरानं पुसायची बिचारी."

सुला, ते तेल कुणाचं हे तुला ठाऊक आहे. गावच्या देवाचा भंडारा खोबरेलात कालवून मी पिशवीतून न्यायची. पाचला सिस्टरांची पाळी बदलते, कुणाचं लक्ष नसतं. तेवढ्यात पट्ट्यांखाली बोट घालून चोळायची आणि तुला जागा द्यायची. तू गेल्यावरही लावतच होते. देवाचं म्हणून त्याच्यावर संशय घ्यावा असं मनातही आलं नाही. बाकी सगळ्यांवर घेतला. आप्पा गेले असते तर माझ्या हातानं गेले असते.

सिस्टरपुढे मी गप्प राहिले. शामूपुढेही. तू माझं नाव का घेतलं नाहीस, यातही तुझा काही डाव असेल असं कालपर्यंत वाटत होतं. माझा स्वभावच मेला तसला.

काल आप्पांनी विचारलं, "सुला कुठं हाय गं? कानात सांगायची मला, मामा, हलू नका, पुसून घेते. आक्कांनी मायेनं लावलंय, त्यास्नी काय बोलू नका म्हणायची."

तेव्हा मी उठून बाहेर जाऊन रडले.

हे पत्र शामूबरोबर पाठवते आहे. पाकीट मुद्दामच चिकटवलेलं नाही, वाटेत गाडीत त्यानं वाचावं म्हणून. तोंडानं सांगायला गेले चार दिवस मी धजत नाही. तो काय म्हणेल ते म्हणो. तू त्याच्याबरोबर ये. पाचची पाळी तुझीच आहे, आप्पा घड्याळ बघत असतात.

अजून म्हणणार असलीस तर,
तुझी आक्का
मालू