टकल्याची तलवार

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सात वेळा मेले. तीनदा लांडग्याने खाल्लं, दोनदा दरोडेखोरांनी कापलं, एकदा नदीत पडले आणि एकदा कसलीशी लाल फळं खाऊन. औषधांच्या दुकानात एकतीस वर्षं काढलेली बाई आणि विषबाधेने मेली!

कुणाला सांगायची सोय नाही. हा व्हिडिओ गेम मुलाने आणि सुनेने घरी आणला तेव्हा जेवणाच्या टेबलावर मीच म्हणाले होते, "रिकामटेकड्यांचे उद्योग." पुढे मुलगा जहाजावर परत गेला, सुनेला नवी नोकरी लागली. खोकं टीव्हीखाली पडून राहिलं. मागच्या आठवड्यात धूळ पुसताना चुकून बटण दाबलं गेलं. म्हणजे अगदीच चुकून नाही. मी दीडला दुकानातून येते, जेवण झालं की हे आत जाऊन झोपतात आणि चारपर्यंत घर खायला उठतं.

जुन्या काळातलं राज्य आहे. किल्ले, घोडे, तलवारी. सुनेने एक माणूस बनवून ठेवलाय, त्याला डोक्यावर एक केस नाही. मी त्याला टकल्या म्हणते. तो जे काम करेल त्यात सुधारतो. पळवलं की पळण्यात, पोहला की पोहण्यात. नुसता उभा ठेवला तर आहे तिथेच. प्रत्येक कामाची लेव्हल आकड्यात लिहिलेली असते. आजचा हिशेब — पळणं २, तलवार १.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

या गेममध्ये औषधं करता येतात! खल आहे, भट्टी आहे, वाळूचं घड्याळ आहे. पाला खलायचा, मूळ ठेचायचं, घड्याळ एकदा रिकामं होईपर्यंत उकळायचं. पहिल्याच खेपेला जमलं. जखमेवरचा काढा, तीन बाटल्या. घंटा वाजली आणि आकडा चढला. मग औषधं ९ होईपर्यंत जागची हलले नाही.

मी तर म्हणेन, त्यांचा खल धरायचा प्रकारच चुकीचा आहे. पण मोठ्या मनाने सोडून दिलं.

८ फेब्रुवारी, रविवार

व्यायामवाल्या बाई येऊन गेल्या. नोव्हेंबरात यांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून दर रविवारी येतात. पाय सुटला. बोलणंही सुधारलं, म्हणजे बोलले तर. पण उजवा हात दुसऱ्या कुणाचं सामान मांडीवर ठेवावं तसा पडून असतो. बाई म्हणाल्या, "बोटं हलवा, अंगठा हलवा, रोज हलवा. जे यायचं ते या काही महिन्यांत येईल. बसून राहिलात तर यायचं नाही." रबरी चेंडू दिलाय दाबायला. हे म्हणाले, "आता काय लेथ चालवायचंय मला?"

चेंडू सोफ्याखाली गेला. मी काढला. परत गेला.

ज्या हाताने तीस वर्षं कारखान्यात केसाच्या जाडीइतकं लोखंड नेमकं कातलं, त्या हाताने शर्टाचं बटण लागत नाही. आणि माणूस प्रयत्नही करत नाही. मला राग येतो. रडूही येतं, पण राग आधी येतो.

टकल्या बरा. कामाला लावला की आकडा वर. आमच्या खुर्चीतला माणूस रोज एकेक आकडा खाली.

११ फेब्रुवारी, बुधवार

तलवार ३!

मी तलवारीला हातही लावत नाही. लांडगा दिसला की सरळ पळते — पळणं १४ आहे माझं. मग तलवार ३ कशी? शोधलं. टकल्या किती वेळा मेला त्याचाही आकडा गेममध्ये असतो. कालपासून एकोणीस वेळा मेलाय आणि त्यातली एकही वेळ माझी नाही.

म्हणजे सूनबाई खेळते! मी आठला बाहेर पडते, ती साडेदहाला. तेवढा वेळ तिला मोकळा. मला एका शब्दाने बोलली नाही. मी तरी कुठे बोललेय म्हणा. समोरच खुर्चीत पेपर घेऊन हे बसलेले असणार, पण यांना विचारून काय उपयोग? भिंत जास्त बोलेल.

एक मात्र खरं, फारच वाईट खेळते. एकोणीस वेळा! मी त्या मंगळवारी सातच वेळा मेले होते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

बाईसाहेबांनी कंट्रोलरची सगळी बटणं उलटीपालटी केली आहेत. तलवार उजव्या बोटाने चालायची ती आता डाव्या. उडी डावीकडे, फुलं तोडायची तीही डावीकडे. उजव्या अंगठ्याला काही म्हणजे काही काम नाही. अर्धा तास मी फुलं तोडायला जाऊन तलवार उपसत होते. एका शेतकऱ्याने शिपाई बोलावले.

डावखुरी तर नाही ती. पण हल्लीच्या मुलींचं काय सांगावं. आता बटणं सरळ केली तर मी खेळते हे तिला कळेल. मग शिकले डाव्या हाताने. दोन दिवसांत जमेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

एका दिवसात जमलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

औषधं २५. दुकानात मालक म्हणाले, "आज फार खुशीत दिसताय." मी म्हटलं, झोप छान लागली.

१ मार्च, रविवार

मोठी चूक झाली माझ्या हातून. लिहायलाही लाज वाटते.

झालं असं. गेले चार दिवस तलवार १७ वरून हलत नाहीये. मृत्यूंचा आकडा मात्र धावतोय. पुलावर दरोडेखोरांची टोळी बसलेली असते, तिथेच मरते बिचारी. सुरुवातीला तर तिथे फाटक्या कपड्यातले तिघे उभे असायचे, हातात काठ्या. काल मी लांबून पाहिलं तर पोलादी चिलखतं! सरदाराच्या हातात दोन हातांनी उचलायची कुऱ्हाड!

गेमची सगळी मदतपत्रं वाचून काढली, औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचावं तशी. तेव्हा कळलं. टकल्याचे सगळे आकडे मिळून एक मोठी लेव्हल होते आणि ती वाढली की शत्रूही तेवढेच वाढतात. औषधाने वाढली की तलवारीने, हे शत्रू बघत नाहीत. मी मजेत काढे उकळत बसले, टकल्या कागदावर शूरवीर झाला आणि सकाळी त्याच टकल्याला घेऊन ती पोर चिलखतवाल्यांपुढे उभी! माझ्या कर्तबगारीने तिचा जीव घेतला. एकदा नाही, साठ वेळा.

आणि तरी रोज जाते. मी असते तर केव्हाच कानाला खडा लावला असता.

२ मार्च, सोमवार

चुकीची भरपाई औषधाने करायची, दुसरं मला येत नाही. ताकदीचा काढा सहा बाटल्या, जखम भरायचा आठ, आणि पात्याला लावायचं विष दोन. सगळं टकल्याच्या झोळीत भरून ठेवलं. झोळी एकच, ती उघडणारच.

३ मार्च, मंगळवार

पाच बाटल्या वापरल्या! आणि झोळीत दलदलीतलं निळं मूळ, तब्बल अकरा नग. हे मूळ पुलाच्या अलीकडच्या पाणथळात मिळतं, तिथे लांडगे असतात म्हणून मी कधी जात नाही. म्हणजे लढणारीने लढाईच्या धावपळीत थांबून, वाकून, एकेक उपटून आणलं. तिला त्याचा काडीचा उपयोग नाही. माझ्यासाठीच आणलं.

तिला माहीत आहे तर. संध्याकाळी चहा देताना मी तिच्याकडे जरा हसून पाहिलं. ती म्हणाली, "काय झालं आई?" अभिनय छान करते.

१५ मार्च, रविवार

व्यायामवाल्या बाईंनी यांचा अंगठा वाकवून पाहिला. "अरे वा, काका! बराच सुटलाय. घरी चेंडू दाबताय वाटतं?" हे पंख्याकडे बघत बसले. मी स्पष्ट सांगितलं, चेंडू सोफ्याखाली आहे. बाई म्हणाल्या, "मग आपोआप आला म्हणायचा." धीर द्यायला बोलत असतील. मीही दुकानात बोलते तसं.

तलवार ३१.

१८ मार्च, बुधवार

सुनेला घरातल्या कात्रीला धार लावून आणायला तीन महिने सांगतेय. पण टकल्याची तलवार रोज सहाणेवर घासून लखलखीत! पात्याची अवस्था शंभरपैकी शंभर, एक दिवस नव्याण्णव नाही. आपल्या वस्तूला माणूस कसा जपतो बघा.

२९ मार्च, रविवार

यांच्याशी भांडले. शर्टाचं बटण मी लावत होते तर हात झटकला. "राहू दे," म्हणाले, "मी बघतो." वीस मिनिटं आत होते. बाहेर आले तर दोन बटणं लागलेली, तीही एक घर चुकवून. मी हसले नाही. मग यांनीच खाली बघितलं आणि पुन्हा आत गेले. म्हटलं, एवढा स्वाभिमान आहे तर चेंडू दाबायला काय धाड भरलीये?

३ एप्रिल, शुक्रवार

पूल जिंकला!!

टकल्याच्या पराक्रमाच्या यादीत आज सकाळची नोंद आहे — टोळीचा सरदार, समोरासमोर, घोड्यावरून नव्हे, पायी. तलवार ४८. माझी एकच बाटली वापरली. एकच! त्या कुऱ्हाडीवाल्यासमोर मी असते तर कंट्रोलर टाकून स्वयंपाकघरात पळाले असते.

मी टकल्याला पुलाच्या पलीकडे नेलं. नवीन गाव, नवीन माळ, कधी न पाहिलेली पांढरी फुलं. तोडली नाहीत. नुसतं फिरवून आणलं. अंगावर मूठभर मांस चढलं, स्वतः जिंकल्यासारखं. दोघींचा पूल आहे तो.

सुनेला मिठी मारावीशी वाटली. तिच्या आवडीचं जेवण केलं. ती म्हणाली, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "तुला माहीत आहे." ती बिचारी गोंधळल्यासारखी जेवली. हे मात्र दोनदा वाढून घेऊन जेवले.

१० एप्रिल, शुक्रवार

आता काय म्हणावं! बटणं पुन्हा सरळ केली. पूर्वी होती तशी — तलवार उजव्या बोटाला, ढाल उजव्या अंगठ्याला. मी दोन महिने घासून डावा हात तयार केला आणि ही परत उलटली. आज मृत्यूही पुन्हा वाढले आहेत, तेवीस. चांगलं चाललेलं असताना अवघड करून कशाला घ्यायचं? पण ती माघार घेणाऱ्यातली नाही, एवढं मला कळून चुकलंय. मग मीही घेतली नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

औषधं ६०. पडद्यावर सोनेरी अक्षरं आली — टकल्या आता औषधांचा उस्ताद. एकतीस वर्षांत मला कुणी उस्ताद म्हटलं नाही. 'बाई, जरा लवकर द्या' एवढंच. ती अक्षरं पुसली जाऊ नयेत म्हणून मी दहा मिनिटं एकही बटण दाबलं नाही.

कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आत डोकावले, हे भिंतीकडे तोंड करून झोपलेले. सांगितलं असतं तर म्हणाले असते, बरं. बेचाळीस वर्षांचा संसार आणि मी टकल्याशी बोलते.

१९ एप्रिल, रविवार

दुपारी सून टीव्हीखालचं खोकं वायरींसकट उपसून बसली. "आई, हे माझ्या भावाला देऊन टाकते. नोकरी लागल्यापासून मी एकदाही उघडलं नाहीये. नुसती जागा अडते." मी म्हटलं, "एकदाही?" ती म्हणाली, "शपथ, एकदाही नाही."

मी तोंड उघडायच्या आत खुर्चीतून हात पुढे आला आणि तिच्या हातातला कंट्रोलर काढून घेतला. उजवा हात. अंगठा नेमका ढालीच्या बटणावर.

"राहू दे," हे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "ताकदीचा काढा संपलाय."

म्हणजे दुपारी हे झोपतच नव्हते. तलवार ६१ — माझ्यापेक्षा एकने जास्त. चेंडू सोफ्याखालीच आहे. मी काढला नाही.