शिट्टी पुनाच्या गळ्यात

फैजपूर,
ता. ९ जानेवारी १९८९

चि. भिकन यास उखर्डूचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे? सौ. लिलाबाईंचा दमा थंडीत उठला असेल, त्यांना रात्रीचं दही देऊ नकोस. आम्ही उभयता खुशाल आहोत. तुझं घड्याळाचं आणि चष्म्याचं दुकान धुळ्यात आग्रा रोडवर जोरात चालल्याचं कळलं, आनंद झाला. आमच्या घरातून मात्र तुला गिऱ्हाईक मिळायचं नाही, हे मी लग्नातच सांगितलं होतं. घड्याळ मला सासऱ्यांनी दिलं आणि डोळे आईबापांनी, दोन्ही अजून उत्तम चालतात. कारण नसताना मी साधं कार्डसुद्धा टाकत नाही हे तुला माहीत आहे. आज बंद पाकीट आलं, त्यावरून मामला किती गंभीर आहे ते ओळख.

पत्र तुझ्या अक्काच्या हातचं बघून घाबरू नकोस. मी सांगतो आहे, ती लिहिते आहे. सत्काराच्या दिवशी इतक्या लोकांनी माझा उजवा हात दाबला, की बोटांत पेन धरवत नाही. (हात बरा शे. कालच दोन बादल्या पाणी आणलं. भाऊ, मी भागाबाई. कंसात लिहीन ते माझं समज. पत्र झालं की हे मला वाचून दाखवायला सांगतात. तेव्हा कंस सोडून वाचीन.)

तर सत्काराचं ऐक. मी दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर असल्यापासून आपल्या सातपुडा-तापी हौशी फुटबॉल मंडळाचा रेफरी आहे. नुसता रेफरी नव्हे. मैदानावर चुन्याची फक्की मी मारायचो, ब्लॅडरचं पंक्चर मी काढायचो, शेळ्या मी हाकायचो, आणि चोपड्याची पोरं हरली की त्यांची समजूत घालून त्यांना एस.टी.त मीच बसवायचो. (समजूत घालत नव्हते. दगड संपेपर्यंत एस.टी.मागे लपायचे.) मंडळाचे अध्यक्ष रुपचंदशेठ, ज्यांच्या केळीच्या ट्रका दिल्लीला जातात, ते दिवाळीनंतर एका संध्याकाळी घरी आले. दोनदा चहा प्याले, हवापाण्याचं बोलले, माझ्या तब्येतीचं तीनदा विचारलं, आणि जाता जाता म्हणाले, नाना, मंडळानं तुम्हाला जीवनगौरव द्यायचं ठरवलंय. मी म्हटलं, जीवन अजून चालू आहे, गौरवाची घाई काय? तर ते चपला शोधायला लागले. भिकन, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एखाद्याला जा म्हणायचं असेल आणि तोंड होत नसेल, तर त्याला शाल द्यायची, ही नवी तऱ्हा निघाली आहे. शाल पांघरलेला माणूस धावत नाही.

आता मला का काढायचं? तर म्हणे मागच्या हंगामात माझे निकाल चुकले. एक तरी चुकलेला दाखवा म्हटलं. चोपड्याच्या मॅचला लाइन्समन जागचा हलेना, चेंडू त्याच्या पायाजवळून बाहेर गेला तरी हूं की चूं नाही. तेव्हा मी खेळ थांबवून, सगळ्यांच्या देखत त्याला चांगला फैलावर घेतला. शिस्त म्हणून काही आहे की नाही? तो शेवटपर्यंत ताठ उभा, उलट बोलला नाही, एवढं मात्र त्याचं कौतुक. (तो कोपऱ्यातला झेंडा होता.) दुसरा आक्षेप असा, की मी काळ्या शेळीला ऑफसाइड दिला. दिला. ती होतीच ऑफसाइड.

सत्कार मागच्या रविवारी शाळेच्या मैदानावर झाला. रुपचंदशेठ पडले केळीवाले, त्यामुळे नुसती शाल आणि नारळ देऊन त्यांचं समाधान कुठलं व्हायला! माझी केळीतुला करायची ठरली. पुढारी माणसांची गुळानं, वह्यांनी, पेढ्यांनी तुला होते, तशी माझी केळींनी. लाकडाच्या वखारीतला मोठा तराजू आणला, त्याच्या साखळ्यांना झेंडूच्या माळा लावल्या. एका पारड्यात खुर्ची, खुर्चीत मी, दुसऱ्या पारड्यात केळीचे हिरवेगार घड. इथपर्यंत सगळं यथासांग होतं. पण शेठनं पत्रिकेतच छापून टाकलं होतं, की नानांना क्विंटलभर केळी अर्पण होणार. आणि मी म्हणजे तुला ठाऊकच आहे, अंगावर मांस धरायला कधी वेळ मिळाला नाही. तिसरा घड ठेवला आणि मी जो वर गेलो, तो माझे पाय प्रमुख पाहुण्यांच्या टोपीला लागले. प्रमुख पाहुणे तुमच्या धुळ्याचेच, कुठल्याशा महामंडळाचे माजी संचालक. पुढे अर्धा ट्रक केळी तशीच पडलेली. लोक हसायला लागले.

मग अब्रू वाचवायची धडपड सुरू झाली. आधी माझ्या मांडीवर नारळ दिला. मग मानाची ढाल, मग हवा भरायचा पंप. मी खाली आलो, दोन घड वाढले, मी परत वर. तेवढ्यात दोघांनी मला शाल पांघरली, आणि शाल एवढी जड कशी म्हणून मी चाचपून पाहिलं, तर आत वखारीतलं वीस किलोचं वजन. भिकन, ज्या माणसानं जन्मभर कुणाला चेंडूला हात लावू दिला नाही, त्याच्याच सत्कारात हे. माझा संताप झाला. पारडं हवेत असतानाच मी जोरात शिट्टी मारली. बँडसुद्धा थांबला. मी खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि सरळ रुपचंदशेठच्या तोंडासमोर धरलं. (शेठ दुसऱ्या बाजूला होते. कार्ड पाहुण्यांना दाखवलं. पाहुण्यांना वाटलं सत्काराचाच काही प्रकार आहे. त्यांनी ते घेतलं, कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं.) वजन काढायला लावलं तेव्हाच पुढचा कार्यक्रम होऊ दिला. माझं खरं वजन किती भरलं ते सांगत नाही, पण भरलं ते प्रामाणिक भरलं.

आता मुख्य गोष्ट. कार्यक्रमाच्या शेवटी मी माझी शिट्टी नव्या रेफरीच्या गळ्यात घालायची, असं ठरलेलं. नवा रेफरी म्हणजे वना, शाळेतला कवायतीचा मास्तर. मुलगा वाईट नाही, पण शिट्टी मारताना गाल फुगवतो. मी व्यासपीठावर उभा. ही शिट्टी पितळेची, दीपनगरला असताना मीच कानसून दुरुस्त केलेली, तिच्या दोरीला माझ्या घामाचा रंग चढलेला. भाषण पाठ केलं होतं, ते विसरलो. समोर पांढऱ्या कपड्यात वना नम्रपणे मान लववून उभा होता. तेवढी त्याची नम्रता मला आवडली. मी डोळे मिटले, शिट्टी त्याच्या गळ्यात घातली, त्याला पोटाशी धरलं आणि म्हणालो, बाळ, दोन्ही बाजूंच्या शिव्या सारख्याच खा. टाळ्या पडल्या नाहीत, तेव्हा लोक गहिवरले असतील असं वाटलं.

घरी आलो, तर दारात वना उभा. म्हणाला, नाना, शिट्टी? मी म्हटलं, अरे तुझ्याच गळ्यात आहे. त्यानं शर्टाची वरची दोन बटणं काढून गळा दाखवला. (तो मान लववून उभा होता तो पाहुण्यांचा ड्रायव्हर पुना. गाडीत ठेवायला केळीचा घड उचलत होता. ह्यांनी पोटाशी धरल्यावर तो बिचारा रडलासुद्धा, त्याला वाटलं ड्रायव्हर लोकांचा कुणीतरी सत्कार केला. घड आणि शिट्टी दोन्ही घेऊन धुळ्याला गेला. भाऊ, हाई मात्र बठ्ठं, सगळंच्या सगळं, खरं शे.)

माझं म्हणणं असं, की यात चूक काही झालेली नाही. झाली ती दैवाची इच्छा. मंडळाच्या घटनेत साफ लिहिलं आहे, की शिट्टी हातात पडल्याशिवाय नव्या रेफरीचा अधिकार सुरू होत नाही. (घटना ह्यांनीच लिहिली. तेव्हा ह्यांना कागदावरच्या ओळी दिसायच्या.) वनाच्या हातात शिट्टी पडलेली नाही. म्हणजे रेफरी मीच. आणि सव्वीस जानेवारीला फैजपूर विरुद्ध दीपनगर अशी कपाची फायनल आहे. दीपनगर माझ्या नोकरीचं, फैजपूर माझ्या म्हातारपणाचं. ही एक मॅच तरी माझ्या शिट्टीवर व्हावी, मग खुशाल सात शाली घाला. हे मी शेठना तोंडावर सांगितलं.

शेठ पक्के व्यापारी. म्हणाले, नाना, तुमचा शब्द मान्य. फायनलच्या आदल्या दिवशी मैदानाच्या मध्यावर उभं राहायचं आणि गोलकीपरच्या पाठीवर आम्ही ऐनवेळी लावू तो आकडा वाचायचा. वाचलात तर फायनल तुमची. भिकन, सांग, ही माझी परीक्षा? माझी? ज्यानं दीपनगरला बॉयलरच्या वाफेत नट ओळखले, त्याला आकडे वाचायला लावतात. मी साफ नकार दिला. डोळे तपासून झालेले आहेत माझे. मागच्या वर्षी नेत्रशिबिरात तक्त्यावरची सगळी अक्षरं मी एका दमात म्हटली. (पुढचा माणूस वाचत होता ती ऐकून पाठ केली. ह्यांची पाळी आली तेव्हा डॉक्टरांनी तक्ता बदलला होता. मोतीबिंदू नाही, नुसता नंबर वाढलाय असं ते म्हणाले. चष्म्याची चिठ्ठी दिली, तिनंच ह्यांनी पानाला चुना लावला.)

केळींचं काय झालं ते राहिलंच. रीत अशी, की तुलेचं सामान दान करायचं. पण ज्याला द्यावीत तो गावात केळीवालाच निघतो. लोक हात जोडून परत पाठवतात, वर आपल्या मळ्यातले चार डझन देतात. शेवटी सगळे घड आमच्या पडवीत आले. आणले तेव्हा कच्चे होते, काल सगळे एकदम पिकले. सकाळी शिकरण, दुपारी केळीची कोशिंबीर, संध्याकाळी तुझी अक्का माझ्याकडे बघते आणि मी केळींकडे. शेजारच्या पुष्पाबाईंनी तर दार लावून घेतलं आहे.

असो. लिलाबाईंना आशीर्वाद, थंडीत मफलर गुंडाळत जा. थोडं लिहिलं आहे, त्यात राग पुष्कळ आहे तेवढा समजून घे.

तुझा दाजी,
उखर्डू

ता. क. खरं काम असं. पाहुण्यांच्या बंगल्यावर जाऊन पुनाकडून शिट्टी घेऊन ये. तो जीप मागे घेताना ती वाजवतो, असं कळलं आहे. तिच्या बदल्यात त्याला दुकानातलं एखादं घड्याळ दे, पैशाचं मी बघतो. शिट्टी वनाला किंवा शेठला पाठवायची नाही, माझ्याच हातात द्यायची.

ता. क. दुसरा, फक्त माझा, भागाबाईचा. हे बाहेर अंगणात गेलेत म्हणून लिहिते. भाऊ, तुन्हा दाजीसले लांबचं काहीच दिसत नही, जवळचं बी अंधुक. रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला जाऊन बसतात. पोरं खेळत असतात. ह्यांना चेंडू दिसत नाही, पायांचा आवाज येईल तिकडे मान फिरवतात, आणि गोल झाला की इतरांच्या मागून टाळी वाजवतात. मला ते बघवत नाही. भांडले, ओरडले तर चालतं, पण असं मागून टाळी वाजवलेलं नाही चालत. तू सव्वीस तारखेच्या आत तुझी नंबर काढायची काचांची पेटी घेऊन ये आणि ह्यांना चष्मा कर. पळताना पडणार नाही असा, मागे दोरीचा. ह्यांना कळू देऊ नकोस मी बोलावलं ते. केळी न्यायला आलो म्हणून सांग.

ता. क. भिकन, हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. ओळी वरखाली गेल्या तर पेन्सिलीचा दोष. अक्का स्वैपाकघरात आहे. ती काचांची पेटी असते ना तुझ्याकडे, ती घेऊन गुपचूप ये. आकडा आठ असेल तर मला ओळखता येतो, पण शेठनं एक लावला तर तो मला गोलच्या खांबासारखा दिसतो. चष्म्याला दोरी हवी. अक्काला बोलू नकोस, ती जिंकल्यासारखं करेल. विचारलं तर केळी न्यायला आलो म्हणून सांग. पाकीट मी स्वतः चिकटवणार आहे.

ता. क. ह्यांनी पाकीट चिकटवलं, पण आत विजेचं बिल घातलं. पत्र पाटावरच राहिलं होतं, ते मी वाचलं. नव्या पाकिटात घालून पाठवते. पेटी एकच आण. आणि पिशव्या मात्र चांगल्या मोठ्या आण, केळी खरंच न्यायची आहेत.