जमिनीवर ठेवलेलं हेल्मेट

७ जून, ग्रँड फोर्क्स

पोचले! डुलुथपासून इथवर एकटी, स्वतःच्या मोटारसायकलवर, आणि एकही हाड न मोडता. माझा माजी नवरा म्हणायचा, तू बाजारातली ढकलगाडीसुद्धा सरळ नेत नाहीस. त्याला डॅग्नीच्या अंगणातून गाडीचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. चौपन्नाव्या वर्षी माणसाला एवढा संयम येतो.

डॅग्नी माझी कॉलेजची मैत्रीण. तिने हॉटडिश केली होती, भट्टीत भाजलेला खिमा आणि भाज्या, वर बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी. पाहुणा उपाशी मेला तर चर्चमधल्या बायका काय म्हणतील, या भीतीने आमच्याकडे चौघांचं अन्न एकाला वाढतात. ते मी संपवलं. आता इथून कॅलिस्पेल, थोरल्या भावाकडे. रविवारी ऑरिनची साठी आहे. ईस्टरला येऊन त्यानेच मला गाडी शिकवली, आणि गाडीपेक्षा उपदेश जास्त केला.

वाटेत एक गंमत झाली. बॅगलीच्या पुढे रस्त्याच्या कडेला थांबून सँडविच खात होते. हेल्मेट काढून गाडीमागे जमिनीवर ठेवलं होतं. समोरून जाणारा एक मोटारसायकलवाला वळून परत आला. करडी जुनी गाडी, तपकिरी जाकीट, काळी काच खाली ओढलेली. काय मदत हवी, म्हणाला. मी म्हटलं, मोहरीचा सॉस असला तर द्या, सँडविच फिकं आहे. तो हसला नाही. मी निघाले तरी तिथेच उभा होता.

हे सांगितल्यावर डॅग्नीने कपाळावर हात मारला. तिचा नवरा चाळीस वर्षं गाडी चालवतोय. अगं बये, म्हणाली, हेल्मेट जमिनीवर म्हणजे ‘मी अडचणीत आहे, थांबा’. सगळ्या देशात हीच खूण. लांडगा आला म्हणून ओरडलीस की तू! मग आठवलं, ऑरिनने हे सांगितलं होतं. तेव्हा मी त्याच्या टकलाकडे बघत होते.

८ जून, मायनॉट

मोटेलात आहे. गालिच्याला तीन पिढ्यांच्या सिगारेटींचा वास.

तो दिवसभर आरशात होता. मी हळू, तोही हळू. पेट्रोल पंपावर समोरच्या कडेला उभा राहिला. शेवटी मीच गेले आणि म्हटलं, बाबा रे, चूक झाली, मला काही नको, घरी जा. तो शांतपणे म्हणाला, की बोलावलं की मदत केल्याशिवाय जाता येत नाही. काचेत फक्त माझाच चेहरा दिसला. म्हातारा वाटला.

ऑरिनला फोन केला. तो खो खो हसला. म्हणाला, एखादा एकाकी जीव असेल, दे काहीतरी किरकोळ काम आणि कटव. मी तुला घ्यायला ईस्ट ग्लेशियरपर्यंत येतोच आहे, मग बघू त्याच्याकडे.

९ जून, ग्लासगो

सकाळी त्याला टायरमध्ये हवा भरायला सांगितली. त्याने मान हलवली. म्हणाला, हे तुला येतं.

तर लटकी मदत चालत नाही. माणूस तत्त्वाचा आहे.

दुपारी गाडी मागून वळवळू लागली. उतरून पाहिलं तर मागच्या चाकाचा नट बोटांनी फिरत होता. तो दूर उभा, हातात पाना. मी माझाच पाना काढून नट आवळला. पाना दोनदा निसटला.

आता अर्मामावशीकडे आहे. तो समोरच्या कुंपणापाशी उभा आहे. मावशीने त्याला कॉफी नेऊन दिली. ती सैतानालाही विचारेल, दूध किती. तो तिलाही म्हणे, काय मदत करू? मावशी थट्टेत म्हणाली, मला नको रे राजा, आमच्या कुत्र्याला कर. बिचाऱ्याचे सांधे फार दुखतात.

१० जून, ग्लासगो

कुत्रा ओसरीवर मेलेला सापडला. रक्त नाही, झटापट नाही. डोकं पंजांवर नीट ठेवलेलं. शेजारी कॉफीचा कप, तसाच भरलेला.

मावशी म्हणते, म्हातारा होता, सुटला. दुखणं थांबलं, एवढं खरं.

मी कुंपणापाशी जाऊन ओरडले, झाली ना मदत? जा आता! तो म्हणाला, बोलावलं तू होतंस.

शेरीफच्या माणसाला फोन केला. रस्त्यावर उभं राहणं गुन्हा नाही, म्हणाला. आजचा मुक्काम इथेच. गाडी मावशीच्या खोलीत आणून ठेवली आहे. तिने फक्त खाली वर्तमानपत्र पसरलं.

११ जून, हावर

आज आरशात कुणी नाही. पहिल्या तासाला गाणं म्हटलं. दुसऱ्या तासाला कळलं — तो मागे नाही, म्हणजे कुठे आहे?

ऑरिनचा फोन. खुशीत होता. पंपावर एक भला माणूस भेटला म्हणे, करड्या गाडीवाला. तुझ्या बहिणीने मला बोलावलंय, म्हणाला. ऑरिन उद्या कधी निघणार, कुठल्या रस्त्याने, सगळं विचारून घेतलं. मी ओरडले, निघू नकोस, चाक तपास, नट — तो म्हणाला, मार्ली, तुला गाडी मी शिकवली की तू मला?

नंतर फोन लागत नाही. पुन्हा नाही. पुन्हा —

१२ जून, ब्राउनिंगच्या पश्चिमेला

ही वही कुणाला सापडली तर — ऑरिनची गाडी उताराखाली आहे. मागचं चाक कुठेतरी वेगळं. पाय गाडीखाली. मला उचलवत नाही. तीनदा —

फोनला रेंज नाही. इतका वेळ रस्त्यावर एकही गाडी नाही. वारा नुसता.

तो पलीकडच्या कडेला उभा आहे. इंजिन चालू. येत नाही. बोलावल्याशिवाय येणार नाही — आता खरं बोलावणं हवंय त्याला.

ऑरिन शुद्धीवर आहे. मला चिडवायचा प्रयत्न केला, तूच ढकलगाडी बरी चालवतेस म्हणाला. मग रडला. त्याला रडताना मी कधी —

फार दुखतंय म्हणतो. थांबव म्हणतो. आणि सारखं एकच, ईस्टरला सांगितलेलं — मार्ली, हेल्मेट. हेल्मेट खाली ठेव. कुणीतरी थांबेल.

मी सांगतेय, नको. त्याला ऐकू येत नाही. हेल्मेट माझ्या मांडीवर आहे. एका हाताने आवळून धरलंय, म्हणून अक्षर असं —

ऑरिनने हात लांब केलाय. पट्टा पकडला. ऑरिन, सोड. सोड ना रे, दादा, मी आहे इथे, मी —

हेल्मेट जमिनीवर. इंजिन बंद झा