अंदाजाने घेतलेली गोळी

९ फेब्रुवारी

चिमे,

खूप खूप आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिन्याने चढ-उतार करू नकोस म्हटलं तर तू मुद्दाम दोनदा जास्त करशील, म्हणून काही म्हणत नाही.

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र तू वाचल्याशिवाय फाडणार नाहीस, एवढी मी तुला ओळखते. मागच्या वेळी मी फोनवर जरा जास्तच बोलले. "माझी आई व्हायला जाऊ नकोस" म्हणाले, ते शब्द मागे घेते. पण तूही काही कमी नाहीस हं. रोज सकाळी फोन करायचा आणि "ताई, रक्त तपासलंस का? ताई, रक्त तपासलंस का?" अगं, माणसाने आधी कशी आहेस म्हणून तरी विचारावं!

तर मी कशी आहे ते सांगते. मी झकास आहे. छातीतली ती फडफड गेली ती गेलीच. गेल्या वर्षी तूच मला धरून हार्टच्या डॉक्टरांकडे नेलंस, ते मी विसरलेली नाही. ठोके वाकडेतिकडे पडत होते, जिन्यात बसायला लागत होतं, आणि हे नुसते पंख्याने वारा घालत उभे होते. त्या डॉक्टरांनी गोळी दिली आणि महिन्याभरात हृदय शहाण्या मुलासारखं वागायला लागलं. रोज एक गोळी, नाश्ता झाल्यावर. एकदाही चुकवलेली नाही.

आणि सांगू का, आता तर अंगात नुसता उत्साह आहे. पूर्वी दुपारची भट्टी लागेपर्यंत माझे पाय भरून यायचे. आता पावाचे गोळे वळून झाले तरी हात शिवशिवतात. परवा सगळ्या फळ्या उतरवून धुतल्या, पिठाचे डबे पुसले, वर दुकानाची काच घासली. सूनबाई म्हणाली, "आई, बसा की जरा, मलाच दमल्यासारखं होतंय तुमच्याकडे बघून." वजनही उतरलंय. मस्त बारीक झालेय. गिऱ्हाईक बायका विचारतात, काय डाएट करता? मी म्हटलं, काही नाही, सून आणा. सूनबाई आत हसत होती.

खाणं मात्र व्यवस्थित आहे, उलट वाढलंय. दोन घास जास्तच जातात, पण अंगाला लागत नाही. बरंच आहे की. थंडीसुद्धा यंदा वाटलीच नाही. सगळे स्वेटर घालून बसले होते आणि मी बिनबाह्यांच्या ब्लाउजमध्ये. हे म्हणतात, भट्टीजवळ उभी राहून राहून तूच भट्टी झाली आहेस.

तपासणीचं म्हणशील, तर ते सगळं ठीक चाललंय. काळजी करू नकोस. डॉक्टर काय म्हणाले होते ते माझ्या लक्षात आहे. ही गोळी हृदयाला सांभाळते, पण गळ्यातल्या त्या थायरॉइडला कधीकधी बिघडवते, म्हणून अधूनमधून रक्त बघायचं. मला काय कळत नाही का? पण माणूस इतका छान असताना कुणी सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जाऊन रांगेत बसतं का, सांग. सकाळच्या वेळी दुकान कोण बघणार?

असो. तू ये ना चार दिवस. नाहीतर निदान फोन उचल.

तुझी
ताई

२१ एप्रिल

चिमे,

तुझं पत्र मिळालं. दोन ओळींचं. "लॅबचा रिपोर्ट पाठव" एवढंच. बरं बाई. तुला माझ्यापेक्षा कागद प्यारा.

रिपोर्ट नाही. घे, सांगून टाकलं. तपासणी केलेलीच नाही. आधीची केली होती, ती चांगली आली होती, मग पुढची राहिली. राहिली म्हणजे राहिली. त्यात एवढं काय? इथे उन्हाळा डोक्यावर आलाय, पीठ आंबतंय, माणसं नाहीत, आणि मी लॅबच्या बाकड्यावर बसू?

अक्षर असं का म्हणून विचारू नकोस, पेन चांगलं नाही.

घरात कुणाशी बोलायची सोय राहिलेली नाही. हे मला "चिडचिडी" म्हणतात. मी चिडचिडी? आयुष्यभर यांचं घोरणं ऐकलं तेव्हा चिडले नाही ती आता चिडेन? काल मात्र वैताग आला खरा. आपले ते म्हातारे मास्तर येतात ना, लहानपणापासून मला ओळखणारे. त्यांनी विचारलं, "पाव आजचाच ना?" इतकंच. मी त्यांच्यावर अशी ओरडले की दुकानात शांतता झाली. ते पाव न घेताच गेले. मग मी आत जाऊन रडले. का रडले तेही कळेना. नंतर लगेच भूक लागली.

आणि सूनबाईने तर कमाल केली. पाव भट्टीत सरकवण्याआधी वरून पात्याने चीर देतो, ते काम या घरात माझं आहे. ती म्हणते, "आई, आज मी देते." का? म्हणे तुमचा हात हलतोय. असेल हलत जरासा. पण तिने पातं माझ्या हातातून काढून घेतलं! मी काही बोलले नाही. बोलले असते तर शब्द फार वाईट गेले असते. चिमे, हात खरंच हलतो. कागद पुढे धरला की कळतं. तू हे कुणाला सांगू नकोस.

झोप येत नाही. घाम असा येतो की उशी ओली होते. सगळे म्हणतात भट्टीमुळे. मी पण तेच म्हणते.

आता खरी गोष्ट सांगते. त्यासाठीच पत्र लिहायला बसले आणि भलतंच लिहीत सुटले.

ती फडफड परत आलीय. आधी कधीतरी यायची, आता रोज येते. बसल्या बसल्या छातीत कुणी धावत सुटल्यासारखं होतं. मी काही घाबरले नाही. आपल्याला सवय आहे. आमच्या घरी पाककृतीचा कागद नवशिक्यांसाठी असतो, हे तुला माहीतच आहे. थंडीत यीस्ट वाढवायचं, उन्हाळ्यात कमी करायचं, पीठ हाताला सांगतं किती ते. यांनी मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हे शिकवलं आणि मी आजवर तराजूपेक्षा हातावरच विश्वास ठेवला. तर मी गोळीचंही तसंच केलं. ठोके सुटले, म्हणजे गोळी कमी पडतेय. सकाळी एक, रात्री एक, अशा दोन घ्यायला लागले. यांना विचारलं होतं. हे म्हणाले, "तुझं शरीर तुलाच कळणार, डॉक्टरला काय कळतंय." बरोबर आहे ना?

तीन-चार दिवस बरं वाटल्यासारखं झालं. मग परत. तेव्हा मी म्हटलं, जरा वेळ देऊया. पिठालाही वेळ लागतो.

डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. ते ओरडतील. तूही ओरडशील. पण कुणाला तरी सांगितलं की बरं वाटतं. पोटही सारखं बिघडलेलं असतं. आणि काल तळघरातून पिठाचं पोतं आणायला गेले, तर पायऱ्या चढता येईनात. मांड्यांत जोरच नाही. अर्ध्यावर बसले, भिंत धरून. पोतं खाली पडलं, फुटलं. जिना पांढरा झाला. मी तिथेच बसून हसत होते. सूनबाई आली, तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं तोंड असं झालं की मला पहिल्यांदा भीती वाटली.

फोन करू नकोस, मी उचलणार नाही. पत्र लिही. लांबलचक लिही.

ताई

६ जून

चिमे,

आशीर्वाद. मी दवाखान्यात आहे. आधी हे सांगितलं म्हणजे पुढचं वाचताना तुझं काळीज धडधडणार नाही. म्हणजे धडधडेल, पण निदान मध्येच थांबणार नाहीस.

मी बसून लिहितेय. सिस्टरने थोडं थोडं लिहायची परवानगी दिलीय. हात हलतो. आता पेनला दोष देत नाही.

सूनबाईने मला आणलं. दुकानात मी खाली बसले आणि उठताच येईना. ठोके इतके वेगाने पडत होते की डॉक्टर मशीनकडे बघून एकमेकांशी हळू बोलायला लागले. आपल्यासमोर डॉक्टर हळू बोलायला लागले की समजावं. मग एक थायरॉइडच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण आहेत. त्यांनी आधी विचारलं, गोळी किती घेता? मी म्हटलं, एक. चिमे, मी खोटं बोलले. इतकं सगळं होऊनसुद्धा. सूनबाई बाजूला उभी होती. तिने पिशवीतून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. "दोन घेतात," म्हणाली. मी तिच्याकडे अशा रागाने पाहिलं! आणि ती पोर रडत होती.

बाईंनी समजावून सांगितलं, तेच तुला सांगते, कारण तू मला हजार वेळा विचारशील. त्या गोळीत आयोडीन भरपूर असतं. थायरॉइड आयोडीनवरच चालते. काहींची थायरॉइड या गोळीने मंदावते, काहींची पिसाळते. माझी पिसाळली. ती नको तेवढं हार्मोन रक्तात सोडतेय, म्हणून वजन उतरलं, म्हणून घाम, म्हणून हात, म्हणून चिडचिड, म्हणून परत ती फडफड. मी ज्याला उत्साह म्हणत होते ना, ते हेच होतं. फळ्या धुतल्या तेव्हासुद्धा हेच होतं. हसावं का रडावं कळत नाही. त्या दिवसांत मला किती बरं वाटत होतं गं.

मी विचारलं, दोन गोळ्यांमुळे झालं का? त्या म्हणाल्या, नाही, आधीच सुरू झालं असणार. पण दोन घेऊन तुम्ही भर घातलीत. रक्त वेळेवर पाहिलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मग गोळी बंद करा. तर पुढचं ऐक. हार्टचे डॉक्टर म्हणतात, या अवस्थेत एकदम सोडायची भीती वाटते. थायरॉइडच्या बाई म्हणतात, ठेवायची तरी कशी? दोघे दाराबाहेर उभे राहून बोलत होते. आणि सोडली तरी ती लगेच जात नाही. अंगातल्या चरबीत मुरून बसते, महिनोन्‌महिने. मी नुसती पडून ऐकत होते. आयुष्यभर पीठ बिघडलं की टाकून दुसरं मळत आलेय. हे टाकता येत नाही.

आता स्टेरॉइड चालू आहे, थायरॉइड शांत करायच्या दुसऱ्या गोळ्या आहेत, ठोके कमी करायचं औषध आहे. सगळं मोजून, वेळेवर, सिस्टर स्वतःच्या हाताने देते. अजून फरक पडलेला नाही. पडला नाही तर गळ्याचं ऑपरेशन करून थायरॉइडच काढावी लागेल, असं म्हणतात. आणि ऑपरेशन झेपेल इतकी ताकद हृदयात नाही, असंही म्हणतात. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी सांगितल्या. मी मान हलवली, दुसरं काय करणार.

हे रोज येऊन बसतात. काल गोळीच्या पाकिटातला तो बारीक छपाईचा कागद घेऊन बसले होते, बोट ठेवून वाचत. बराच वेळ एकाच ओळीवर बोट होतं. मी म्हटलं, जाऊ दे, चष्मा तरी लावा. त्यांनी कागदाची घडी केली आणि म्हणाले, "डॉक्टरला काय कळतंय, असं मी का म्हणालो गं?" खरं सांगू, मला त्यांचा रागही येत नाही. माझंही मन तेच सांगत होतं.

सूनबाईशी मात्र बोलले. तिचा हात धरून म्हटलं, तू पातं काढून घेतलंस ते बरं केलंस. ती म्हणाली, आई, मला आधीच काढून घ्यायला हवं होतं. मग तिने माझी वेणी घालून दिली. बाहेर कुणाची तरी ट्रॉली गेली.

तुझ्यावर रुसून बसायचं खरं कारण आता लिहिते. तू रोज विचारायचीस तेव्हा मला तुझा राग येत नव्हता. भीती वाटायची. रिपोर्टमध्ये काहीतरी येईल आणि ही गोळी बंद करतील, आणि मी परत जिन्यात बसून राहीन, हे मला नको होतं. इतकी बरी झाले होते, ते कुणी काढून घेऊ नये असं वाटायचं. म्हणून तुझ्यावर ओरडले. तुझा फोन येणं बंद झालं त्या सकाळी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हे लिहिताना लाज वाटते.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, फोन करू नकोस, नुसतं पत्र लिही. ते सगळं विसर. पत्रही नको. पत्र यायला चार दिवस लागतात. काल संध्याकाळी ठोके पुन्हा सुटले आणि चार-पाच माणसं माझ्याभोवती धावली. त्या वेळी मला हे आठवले नाहीत, पोरगा आठवला नाही, तू आठवलीस. तू विचारत होतीस आणि मी उत्तर देत नव्हते.

गुडघ्याला पट्टा बांध, कुणाला तरी सोबत घे आणि ये. लाडाने बोलावत नाही, चिमे. घाबरलेय म्हणून बोलावतेय. हे पत्र सूनबाई आजच टाकणार आहे. तुझ्या हातात पडेल तेव्हा हातातलं काम तसंच टाक आणि नीघ. आल्यावर माझ्यावर ओरड, हवं तेवढं ओरड. मी ऐकायला असेन, असं धरून चालले आहे.

तुझी, हे लिहीपर्यंत तरी असलेली,
ताई