मोरूने दार पाण्यात उतरवलं

मुरुड,
श्रावण संपत आला आहे

श्रीमान हर्षदराव यांस मुरुडहून आपल्या मेहुण्याचा, हिरामणचा, मनापासून नमस्कार.

आपली, वहिनींची आणि आपल्या गुडघ्याची प्रकृती उत्तम असावी. गुडघ्याची चौकशी वेगळी करतो, कारण गेल्या भेटीत आपण बराच वेळ त्याच्याबद्दलच बोललात आणि मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. (आपली बहीण कमळ याला साक्षीदार आहे. आमच्या संसारात असं पहिल्यांदाच घडलं, असं ती म्हणते.) इकडे आम्ही सुखरूप आहोत. मी जरा बारीक झालो आहे. त्याचं कारण पुढे येईल.

फोन खिशात असताना हा माणूस कागद काळे का करतो, असं आपल्या मनात आलं असेल. हर्षदराव, मला हळू बोलता येत नाही. आयुष्यभर माईकशिवाय सभा गाजवल्या, त्याचं हे फळ. परसात जाऊन फोनवर कुजबुजलो, तर कोपऱ्यावरचा वाणी दुकानातून उत्तर देतो. मेसेज पाठवावा तर तो वाचनालयाच्या ग्रुपवर जातो. (श्रावणी सोमवारी 'येताना सुके बोंबील आण, कोणाला कळू देऊ नकोस' हे कमळसाठी लिहिलेलं वाक्य साऱ्या सभासदांनी वाचलं. अध्यक्षांनी खाली अंगठा दिला.) आणि ही बाब नाजूक आहे.

बाब दाराची आहे. आमचं पुढचं दार आपल्याला आठवत असेल. खालून वाळवीने आणि वरून खाऱ्या वाऱ्याने खाल्लेलं. मधलं जे उरलं होतं ते केवळ रंगाच्या जिवावर उभं होतं. ज्येष्ठात एका संध्याकाळी मी उंबऱ्यात उभा राहून शेजाऱ्याला पाणीपट्टीविषयी माझी भूमिका समजावत होतो. मुद्दा ठसावा म्हणून दारावर मूठ आपटली. मूठ पलीकडे गेली आणि दार अलीकडे आलं. शेजाऱ्याला मुद्दा लगेच पटला.

दुसरा कोणी असता तर सरळ माणगावला आपल्या दारांच्या दुकानात आला असता. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात वाचनालयाच्या वर्धापनदिनाला माझं भाषण झालं होतं, 'स्थानिक कारागीर आणि आपण' या विषयावर. त्याच्या ओघात, महामार्गावर दुकान थाटून प्लास्टिकला सागवानाचा रंग फासणाऱ्या काही मंडळींचा उल्लेख आला. मी नाव घेतलं नव्हतं. (महामार्गावर असं दुकान एकच आहे, हे श्रोत्यांतून कोणीतरी ओरडलं तेव्हा मला कळलं.) विचार मात्र आजही माझा तोच आहे. ज्या गावाला स्वतःचं दार स्वतःच्या हातांनी करता येत नाही, त्या गावाच्या घरात कोणीही शिरतं. भाषणाच्या शेवटी मी शपथ घेतली की माझ्या घराला जे दार लागेल ते इथल्याच हातांनी घडवलेलं असेल. टाळ्यांचा कडकडाट झाला. हर्षदराव, आपण व्यापारी आहात, आपल्याला टाळ्या मिळत नाहीत, म्हणून आपण सुखी आहात.

शपथ घेतली, पण सुतार मिळेना. घरकाम करणारे सगळे लॉजवाल्यांनी पळवलेले. शेवटी कोळीवाड्यात मोरू सापडला. मोरू होड्या बांधतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांखाली झाकून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांची डागडुजी चालते. त्या दिवसांत मोरूला मान वर करायला फुरसत नसते, आणि स्वतःच्या कामाबद्दल तो ज्या आवाजात बोलतो तो माझ्यापेक्षा वरच्या पट्टीतला आहे. (हे लिहिताना मला कष्ट पडत आहेत.) त्याने आधीच सांगितलं होतं, "भाऊ, मी होडीचा सुतार हाय, दाराचा न्हाय." इथे मी घरी परतायला हवं होतं. पण मी तिथेच उभा राहून बोलायला लागलो. जो हात समुद्राला थोपवतो त्याला उंबऱ्याची कसली भीती, असं म्हणालो. इजिप्तच्या नौकांपासून निघालो तो मराठ्यांच्या आरमारापर्यंत आलो. होडीच्या सावलीत झोपलेले दोघे खलाशी उठून बसले. शेवटी हात उंचावून म्हणालो, "मोरू, असं दार कर, की वादळाचा एक थेंब आत येता कामा नये!" मोरूचे डोळे भरून आले. म्हणाला, "आसं आमच्याशी कुनी बोललंच न्हाय भाऊ."

आणि त्याने दार केलं. हातगाडीवरून ते आलं तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, कोणाची तरी अर्धी होडी आली. हर्षदराव, दाराला पोट होतं. मी विचारलं, तर म्हणाला, "सरळ फळीला लाट फोडते." समुद्र आमच्या घरापासून बराच लांब आहे, हे मी सांगितलं. "आज हाय," तो म्हणाला. फळ्यांच्या फटींत त्याने तेलात भिजवलेला कापूस ठासला होता, होडीच्या फटींत ठासतात तसा. वरून माशाचं तेल चोपडलं होतं. त्या दिवसापासून गल्लीतली मांजरं आमच्या पायरीवर बसून दाराकडे भक्तिभावाने बघत असतात. माझ्या कुठल्याही सभेला इतका एकाग्र श्रोतृवर्ग लाभलेला नाही. आणि मधोमध, निळ्या पट्ट्यावर पांढऱ्या अक्षरांत, होडीवर मालकाच्या बायकोचं नाव घालतात तसं, लिहिलं होतं: 'कमळ'. कमळ ते किती तरी वेळ बघत राहिली. मी म्हटलं, "हे खोडून घेऊ." ती आत गेली आणि मोरूसाठी चहा घेऊन आली. माझ्यासाठी आणला नाही.

मग उद्घाटन. मी गावातली चार जाणती माणसं बोलावली, त्यांना ओटीवर बसवलं आणि दार किती घट्ट बसतं हे दाखवण्यासाठी ते लावून घेऊन बोलायला उभा राहिलो. बाहेर मोरूने दाराला हार घातला, नारळ फोडला आणि विहिरीवरून आणलेल्या पाण्याच्या घागरी त्याच्यावर ओतायला सुरुवात केली. होडी प्रथम पाण्यात उतरली की तिच्या फळ्या पाणी पिऊन फुगतात, एकमेकींना भिडतात, आणि मग ती गळत नाही. त्याच हिशेबाने त्याने हे दार बसवलं होतं. फळ्यांना एकमेकींना भिडून पुरेसं वाटलं नाही, त्या चौकटीलाही भिडल्या. घागरी संपल्या तशी पावसाची सर आली. लाकूड फुगायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक नाही. कमळ म्हणते, माझ्या भाषणाच्या निम्म्यात काम झालं होतं. आभार मानून दार ओढलं, तर ते हललं नाही. मी ओढलं, पाहुण्यांनी मला धरून ओढलं. बाहेरून मोरूचा आनंदाने फुललेला आवाज आला: "बसली! भाऊ, झ्याक बसली! थेंब येनार न्हाय!"

"अरे, माणूस कसा येणार?" मी गरजलो.

"मानसाचं तुमी काय बोललाच नव्हता!"

पाहुणे स्वयंपाकघरातून, कमळच्या उकडत्या तांदळाला वळसा घालून, मागच्या दाराने गेले. मी मोरूला म्हटलं, रंधा मार. तो म्हणाला, नारळ फुटलेल्या, पाण्यात उतरवलेल्या होडीला रंधा लावत न्हायत. दिवाळीनंतर सुकेल, मग बघू. आणि गावासमोर 'मुरुडातलं पहिल्या नंबरचं दार' असं म्हणाल तर आधीही बघू. मी! ज्या दाराने मला कोंडलं त्याची स्तुती! मी तिथल्या तिथे जाहीर केलं, की मोरू चारचौघांत चूक कबूल करेपर्यंत मी त्या दाराला बोट लावणार नाही. मागचं दार आहे, पण मागच्या दाराने आत शिरणाऱ्यांवर मी आयुष्यभर तोफ डागली आहे. तेव्हा मी ओटीच्या खिडकीतून जा-ये करतो. कमळ मागच्या दाराने करते. तिला तत्त्वं नाहीत.

हे मी दिवाळीपर्यंत रेटलं असतं. पण गणपती तोंडावर आले. कमळने काल भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता सांगितलं: "गणपती पुढच्या दाराने येतो. खिडकीतून येत नाही, मागूनही येत नाही. दार उघडलं नाही तर मूर्ती मी माणगावला दादाकडे नेते. तुम्ही बसा खिडकीत." हर्षदराव, आजोबांपासून या घराचा गणपती दुसऱ्याच्या घरी बसलेला नाही. मी देव मानतो की नाही यावर माझी दोन व्याख्यानं आहेत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. पण आरतीला माझा आवाज लागला नाही असं एकही वर्ष गेलेलं नाही. ओटीवरचा गणपतीचा पाट रिकामा राहिला, तर मी कोणासमोर काय बोलू?

असो. पत्र केवळ खुशालीचं आहे. आपल्याला तसदी द्यावी असा काही हेतू नाही. वहिनींना नमस्कार.

आपला,
हिरामण

ता. क. आपल्या दुकानात फायबरचं एखादं दार असेलच. सागवानी रंगाचं. माप पाठीमागे लिहिलं आहे. दुकानाचं नाव खरवडून टाकावं. टेम्पो ताडपत्री घालून, अंधार पडल्यावर पाठवावा. जुनं दार आपलीच माणसं काढतील, कारण मी त्याला बोट लावणार नाही.

पुन्हा ता. क. गावाला मी सांगेन, मोरूनेच रातोरात दुरुस्त केलं. त्या प्रसंगाचं भाषण तयार आहे. आपला उल्लेख त्यात येणार नाही.

दादा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून मी कमळ दोन ओळी लिहिते. दार उघडतं. हे आगरदांड्याला भाषणाला गेले होते तेव्हा मी मोरूकडे गेले आणि म्हटलं, असं दार मुरुडात नाही. त्याला एवढंच ऐकायचं होतं. लगेच येऊन रंधा मारून गेला. हे दुपारी झोपले की मी पुढूनच जाते-येते. यांना पत्ता नाही, कारण बोट लावायचं नाही ना. गणपतीच्या दिवशी मूर्ती दारात आली की मी उघडीन, तेव्हा कळेल. तोवर जाऊ देत खिडकीतून, पोट उतरतंय. बाहेरच्या पाटीवर लग्नापासून यांचंच नाव आहे. दारावर मोरूने माझं घातलं, तर ते दार मी काढू देणार नाही. फायबरचं मात्र पाठव, दिवसाढवळ्या पाठव, दुकानाचं नाव असू दे. न्हाणीघराचं दार कुजलं आहे, आणि हे रोज पहाटे तिथे भाषणाची तयारी करतात. जाडसर बघून पाठव.