चिलीम ओढणारी लाकडी बाई

८ फेब्रुवारी
झालं एकदाचं! सोजेकाका हो म्हणाले. गावचे मुख्य पुजारीच हो म्हणाले, मग बाकीच्यांची काय बिशाद!

माझा भाऊ लाचे फोंगसाली शहरातून पर्यटन खात्याचा साहेब घेऊन आला होता. खाली सीमेच्या रस्त्यावर मोठं रिसॉर्ट झालंय, लाचे तिथेच कामाला आहे. "ताई, पाहुणे एक रात्र खाली झोपतील, मग डोंगर चढून तुझ्याकडेच! तुझं पाहुणघर ओस पडलं तर नाव बदलीन." म्हातारी मंडळी कुरकुरत होती — परके लोक येतात, नको तिथे हात लावतात. शेवटी मीच उभी राहिले. म्हटलं, लाचेचा शब्द तो माझा शब्द. काही वावगं झालं तर माझा कान धरा.

जाताना तो आईला खाली आपल्याकडे घेऊन गेला. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून आणतो म्हणाला. आई पायरीवरून म्हणते, "गाद्यांना ऊन दाखवत जा गं." हिला स्वतःला दिसत नाही, पण लक्ष गाद्यांवर!

२ मार्च
गाद्या उन्हात टाकल्या. कोणी आलं नाही.

१९ मार्च
आजही कोणी नाही. शेजारची बुदे विचारते, "काय गं मिदे, साहेबाचे पाहुणे वाट चुकले की काय?" मीही हसले. आतून नुसती जळत होते. लाचे फोन उचलत नाही, उचलला तर "ताई, जरा दम धर." आईला दे म्हटलं तर म्हणे झोपलीय. दिवसाउजेडी?

११ एप्रिल
दरवर्षीसारखी आज गावाची नवी वेस उभी राहिली. दोन खांब, वर आडवं लाकूड, बाजूला कोरलेला पुरुष आणि बाई. आता हिला कोणी शिवायचं नाही, जुनी होऊन कुजली तरी नाही. जुन्या वेशी जुन्या वाटेवर गवतात कुजत पडतात, तिकडे कोणी बघतसुद्धा नाही.

बाबांची आठवण झाली. ते गेले त्या वर्षीची जोडी त्यांनी कोरली होती. लाकडी बाईच्या तोंडात चिलीम! आईला चिडवायला. सगळं गाव पोट धरून हसलं, आणि आई दोन दिवस बाबांशी बोलली नाही.

३ मे
एक गोरी बाई आली, एकटीच. मी भात टाकला, भोपळ्याची भाजी केली. ती इकडे तिकडे बघून मोडक्या लाओ भाषेत म्हणते, "हे सगळं मी खाली पाहिलं." आणि फोन पुढे केला. फोटोत रिसॉर्टचं अंगण, झोपाळा, फुलांच्या कुंड्या — आणि वेस. लाकडी बाईच्या तोंडात चिलीम.

भात करपला.

४ मे
जुन्या वाटेवर गेले. जायचं नसतं, तरी गेले. गवतात नुसते खड्डे. एवढी लाकडं गेली आणि गावाला पत्ता नाही! आम्ही तिकडे बघत नाही, हे बाहेरच्याला कसं कळणार? घरच्यालाच माहीत.

६ मे
खाली जाऊन आले. हो, बाबांचीच. वर दिव्यांची माळ सोडलीय!

लाचे हसत पुढे आला. म्हटलं, लाज वाटते का रे? तर म्हणे, "ताई, कुजतच होती ना तिथे? इथे निदान लोक बघतात."
"म्हणून वर कोणी येत नाही! माझं घर बुडवलंस तू!"
"ऐकून तर घे, आईनंच —"
"आईचं नाव घेऊ नकोस तुझ्या तोंडानं!" तिथे जेवणारे लोक वळून बघायला लागले. बघू देत. तशीच उलट फिरले. आईला भेटायचंही भान राहिलं नाही. माझ्याच पाठच्या भावानं माझा गळा कापला.

७ मे
सोजेकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी माझा कानही धरला नाही. ते जास्त लागलं. मीच म्हटलं, काका, सोडू नका. ज्यानं हात लावला आणि ज्यानं जागा दाखवली, त्याला वेशीतून आत घ्यायचं नाही, कधीच नाही. काका म्हणाले, "पुन्हा विचार कर, मिदे. एकदा बोललो की मागे नाही." म्हटलं, बोला! त्यांनी सगळ्या गावासमोर सांगितलं. आज पोटभर जेवले.

१० मे
आईला आणायला खाली गेले. दिव्यांच्या माळेखाली खुर्चीत बसली होती. ऑपरेशन झालंच नाही, डॉक्टर म्हणाले उशीर झाला. हात लाकडी बाईच्या चिलमीवर फिरत होता.

"लाचेवर चिडू नकोस गं. जागा मी दाखवली त्याला. वर हात लावायची बंदी, आणि मला तर आता हातांनीच बघायचंय. चल, घरी नेतेस ना?"