उलट्या गुडघ्यांचा ट्रकवीर

१७ मार्च

ती. दादा,

नमस्कार. वहिनींची कंबर आता कशी आहे? त्यांना म्हणावं, उगाच जिने चढू नका. इकडे सगळे ठीक. ह्यांचा खोकला गेला. गच्चीवरची टाकी गळत होती, तीही दुरुस्त करून घेतली.

झाली ख्यालीखुशाली. आता मुद्द्याचं.

परवा संध्याकाळी टीव्हीवर तुझी मुलाखत पाहिली. कोट छान शिवलायस. त्या बाईंनी विचारलं, ट्रकवीर सुचला कसा? आणि तू डोळे मिटून म्हणालास, "एका पहाटे तो माझ्या स्वप्नात आला." स्वप्नात! अरे, थापा मारायलाही काही मर्यादा?

मागच्या खोलीतलं ते टेबल विसरलास? तुझा तो खेळण्यातला रोबो काही केल्या ट्रक होत नव्हता. उताणा पाडून पाय दुमडले, की ते पाठीखाली यायचे आणि पाठीवरची चाकं अधांतरी. तू डोकं धरून बसला होतास. स्क्रू लावायचं काम माझं. पुढचा रंग खरवडू नये, म्हणून तू मऊ फडक्यावर बाहुला नेहमी पालथा ठेवायला लावायचास. त्या दिवशी पुढचाच रंग ओला होता. मी तो उताणा ठेवला आणि हाताच्या सवयीनं गुडघे उलटे बसवले. केवढा ओरडलास! "डोळे काय गहाण ठेवलेस?" मी रडकुंडीला आले, चिडून त्याचे पाय वर ढकलले, तर ते पोटावर जाऊन चपखल बसले. चाकं टेकली. दोन्ही पावलं शेजारी शेजारी उभी, झाली की ट्रकची केबिन! तू मला उचलून गरागरा फिरवलंस.

तुझं नाव झालं, कारखाना झाला. मी घराबाहेर चकार शब्द काढला नाही. मला काही नकोच होतं. पण परवाच माझ्या नातीनं वर्गात मोठ्या तोऱ्यात सांगितलं, ट्रकवीरचे गुडघे माझ्या आजीनं बसवलेत. आणि संध्याकाळी तुझं ते स्वप्न! काल पोरांनी तिला "थापाडी, थापाडी" करून रडवलं. घरी येऊन दप्तर फेकलं आणि मला म्हणाली, "आजी, खोटं का सांगितलंस गं?"

दादा, माझ्याच घरात मी खोटी पडले. तुझ्यामुळे.

फक्त तिच्यासाठी लिहितेय असं म्हणणार होते, पण नाही. मलाही लागलंय. चांगलंच लागलंय. त्या बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली होती, ह्यांना हाका मारून बोलावलं होतं. आता दादा माझं नाव घेईल म्हणून! ह्यांनी टीव्ही बंद केला.

मला सत्कार नको, पेपरात खुलासा नको. शाळेत ये. त्या पोरांसमोर उभा राहा आणि खरं काय ते सांग. लाज वाटेल, वाटू दे.

नाही आलास, तर मी तिला सांगेन, हो बाळा, आजीच खोटं बोलली, मामाआजोबांना स्वप्नच पडलं होतं. पोरीला दोन-दोन खोटारडी म्हातारी माणसं कशाला? मी एकटी पुरे. मग सुखानं झोप.

अजून तरी तुझी,
धाकटी